आकाशाचा वर्ग कोणता हो साहेब? सोनेगावच्या एका घरमालकिणीचं खुलं पत्र

प्रति,
नागरी विमान वाहतूक मंत्रालय, भारतीय विमानतळ प्राधिकरण आणि पुढची वेतन सुधारणा ज्यांच्या ज्यांच्या टेबलावरून जाणार आहे ते सगळे साहेब लोक, दिल्ली

साहेब, नमस्कार.

मी पायलट नाही, विमानांना रेडिओवरून वाट दाखवणारी कंट्रोलर नाही, युनियनवाली तर मुळीच नाही. नागपुरात सोनेगावकडे आमचं दोन मजली घर आहे, खाली मी राहते अन वरचे दोन ब्लॉक भाड्यानं देते, आणि गेल्या बारा-तेरा वर्षांत वर जे कोणी राहून गेले त्यातले निम्म्याहून जास्त एटीसीवाले, म्हणजे एअर ट्रॅफिक कंट्रोलचे, पोट्टे, मधे दोघी पोट्ट्याही होत्या. तुम्ही त्यांना जो घरभाडे भत्ता देता तो शेवटी पाच तारखेच्या आत माझ्याच खात्यात येऊन पडतो, म्हणून या विषयात दोन शब्द बोलायचा हक्क मला आहे असं मी समजते. त्यात जन्म माझा एका ऑफिसच्या अकाउंट्स सेक्शनमधे गेला, पे-बिलं हातानं लिहिलेली बाई मी, पगाराचा कागद दिसला की माझे हात शिवशिवतात. आणि खरं सांगायचं तर नोकरीत असलेल्या पोराला असं उघड पत्र लिहिता येत नाही, नियम असतात, काकूला मात्र कोणी मेमो देऊ शकत नाही.

विषय साधा आहे. कंट्रोलरचा पगार विमानतळागणिक वेगळा असावा का, आणि असावा तर कशावरून ठरावा. आत्ताच का लिहितेय तर तुमच्या सार्वजनिक उपक्रमांची मागची वेतन सुधारणा 1 जानेवारी 2017 पासून लागू झाली, पुढची दहा वर्षांच्या आत असं तेव्हाच म्हटलं होतं, म्हणजे 2027 आलंच. एकदा तक्ते छापून झाले की मग दहा वर्षं कोणी ऐकत नाही, हे मी स्वतः टेबलाच्या त्या बाजूला बसून पाहिलेलं आहे.

आता सध्या कसं आहे ते वाचणाऱ्यांसाठी सांगते, तुम्हाला माहीतच आहे. नवीन पोरगा लागतो तो ज्युनिअर एक्झिक्युटिव्ह म्हणून, मूळ पगार 40,000 पासून. दिल्लीला लागला तरी 40,000, गोंदियाला लागला तरी 40,000, ते ठीकच आहे, शिकाऊला सगळी आभाळं सारखीच. महागाई भत्ता सगळ्यांना सारखा, पर्क्स, म्हणजे वरचे इतर भत्ते, तेही मूळ पगाराच्या टक्क्यांत. गावागणिक ठळक फरक पडतो तो घरभाडे भत्त्यात. एक्स, वाय, झेड असे शहरांचे वर्ग, सुरुवात 24, 16, 8 टक्क्यांनी, महागाई भत्ता 25 टक्के झाला की 27, 18, 9 अन 50 झाला की 30, 20, 10. एक्समधे आठ शहरं, दिल्ली मुंबई कोलकाता चेन्नई बंगळूर हैदराबाद अहमदाबाद पुणे. आमचं नागपूर वायमधे. आणि हे वर्ग कशावरून पाडले, तर लोकसंख्येवरून, पन्नास लाखांच्या वर असाल तर एक्स, पाच लाखांच्या खाली असाल तर झेड, आणि लोकसंख्या कुठली तर 2011 च्या जनगणनेतली. म्हणजे कोण कुठल्या घरात झोपतो ते मोजून झालं, त्यावरून विमानं सांभाळणाऱ्याच्या हातात किती पडणार ते ठरलं.

यात एक गंमत बघा, पुणे एक्स वर्गात आहे पण लोहगावला, म्हणजे तिथल्या विमानतळावर, एटीसी आहे हवाई दलाकडे, तुमच्याकडे नाही. असो.

तुम्ही म्हणाल काकू, घरभाडे भत्ता हा घरभाड्यासाठी असतो, कामासाठी नाही. हौ, मान्य. मुंबईत ज्या भाड्यात एक खोली मिळत नाही त्यात मी दोन बेडरूम, बाल्कनी अन बोअरचं पाणी देते. मुंबईच्या पोराला घरासाठी जास्त मिळालंच पाहिजे, त्यावर माझा एक शब्दाचा आक्षेप नाही. माझा आक्षेप असा आहे की एका स्टेशनला दुसऱ्यापासून वेगळं काढायला तुमच्याकडे हीच एक फूटपट्टी ठळकपणे चालून राहिली आहे, अन ती फूटपट्टी घर मोजते, आभाळ मोजत नाही.

आभाळ मोजणं म्हणजे काय ते मला एका सकाळी कळलं, ते सांगते.

जूनचा पहिला आठवडा असेल, नागपूरचा तो पाऊस तुम्हाला माहीत नसेल, आधी दिवसभर 45 डिग्रीत भाजून काढतो अन मग रात्री असा फुटतो की जैताळ्यापासून वर्धा रोडपर्यंत लाइट गुल. त्या रात्री आमचीही गेली. वरच्या ब्लॉकमधला पोट्टा रात्रीच्या वॉचला होता, वॉच म्हणतात ते लोक, ड्युटी म्हणत नाहीत. मी दर शुक्रवारी पोहे करते, तर्री वेगळी, चने घालून, तो वास आला की हा जिना न चढता सरळ माझ्याच दारात येतो. त्या दिवशी आला अन खुर्चीवर बसला तो बसलाच. हेल्मेट मांडीवर. प्लेट समोर ठेवली, तर्रीवर तेलाचा तवंग जमून गार झाला तरी हात नाही लावला. मी म्हटलं काय रे, काही झालं का, तर म्हणे काहीच नाही झालं काकू, काहीच होऊ दिलं नाही. मग जरा वेळानं बोलायला लागला. ढग असा उभा राहिला की जो येतो तो डावीकडे वळायला मागतो, उजवीकडे कोणालाच नको, कारण प्रत्येकाच्या विमानात हवामानाचा रडार असतो आणि मोकळी फट सगळ्यांना एकाच ठिकाणी दिसते. रस्त्यावर गाड्या अडल्या तर थांबवता येतात, वर थांबवायचं म्हणजे गोल गोल फिरवायचं, प्रत्येकाला वेगळ्या उंचीवर, आणि प्रत्येकाच्या टाकीत किती मिनिटांचं इंधन आहे ते डोक्यात ठेवायचं. त्यात दुसऱ्या गावाला उतरू न शकलेली दोन विमानं इकडे वळवलेली. हा पोट्टा हात हवेत ठेवून मला उंच्या दाखवत होता, एक इथं, एक त्याच्या हजार फूट वर, एक त्याच्याही हजार फूट वर, आणि त्याचा हात थोडा थरथरत होता. पोहे मी परत गरम करून दिले. खाऊन दुपारी तीनपर्यंत झोपला, मी टाकीवाल्याला मोटर लावू नको म्हणून सांगितलं.

त्या रात्रीचं वर्तमानपत्रात काय आलं? झाडं पडली, वीज गेली. बस. या कामाचं हेच आहे, नीट झालं की त्याची बातमी होत नाही. बातमी झाली ती 12 नोव्हेंबर 1996 ला, चरखी दादरीवर दोन विमानं हवेत धडकली, 349 माणसं गेली. चौकशीत दोष कंट्रोलरचा निघाला नव्हता, एक विमान दिलेल्या उंचीच्या खाली आलं होतं, तरी त्या खुर्चीवर बसलेल्या माणसाचं नंतर काय झालं असेल याचा विचार माझ्या डोक्यातून जात नाही.

आता मुद्द्यावर येते. नागपूरच्या विमानतळावर उतरणारी विमानं मोजली तर मुंबईपुढे आम्ही किस झाड की पत्ती. मुंबईनं एकमेकांना छेदणाऱ्या धावपट्ट्यांवर एका दिवसात हजारावर विमानं हाताळलेली आहेत, तिथल्या पोरांना माझा दंडवत. पण नागपूर देशाच्या मधोमध आहे साहेब, झिरो माइलचा दगड आमच्याकडे उगाच नाही. 1949 मधे रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली तेव्हा दिल्ली, मुंबई, कलकत्ता, मद्रास अशी चारही बाजूंनी डाकोटा विमानं रात्री सोनेगावलाच येऊन भेटायची, टपालाच्या पिशव्यांची अदलाबदल व्हायची अन आपापल्या गावाला परत. तेव्हा उतरायची, आता वरून जातात, दिल्ली-चेन्नई म्हणा, मुंबई-कोलकाता म्हणा, अन कोणाला हवेत छातीत दुखलं की खाली नागपूरच दिसतं. वरून जाणारं विमान एअरपोर्टच्या प्रवासी आकड्यात दिसत नाही, पण त्याच्याकडून रूट नेव्हिगेशनचे, म्हणजे आभाळातून वाट दाखवायचे, पैसे तुम्ही घेता, अंतर अन वजन बघून घेता. म्हणजे वसुलीच्या वेळी आभाळ मोजता येतं तुम्हाला! मग भत्त्याच्या वेळीच जनगणना काऊन आठवते?

सगळ्यात विचित्र गोष्ट तर पुढेच आहे. आभाळाचे जे तुकडे असतात, सेक्टर, ते काही जमिनीला बांधलेले नाहीत. कुठला थर कुठल्या केंद्रातून सांभाळायचा हे तुम्ही मधूनमधून बदलता, तांत्रिक सोयीनं, चांगलंच आहे ते. पण माझ्यासारख्या हिशेबनीस बाईला यात काय दिसतं माहिती आहे का? समजा एक सेक्टर आज नागपुरातून चालतो, उद्या तोच मुंबईला नेला, तीच विमानं, त्याच उंच्या, तेच ढग, तर तेच काम करणाऱ्याला मूळ पगाराच्या दहा टक्के जास्त. परवा परत नागपूरला आणला तर दहा टक्के कमी. आभाळ तिथल्या तिथं, ट्रॅफिक तिथल्या तिथं, फक्त खुर्ची हलली. हे माझ्या ऑडिटरनं पाहिलं असतं तर लाल पेन मोडला असता.

आणि हे समजा-बिमजा नाहीच आता. इशान नावाचा प्रकल्प तुमचाच आहे, इंडियन सिंगल स्काय हार्मोनाइज्ड एअर ट्रॅफिक मॅनेजमेंट अ‍ॅट नागपूर, त्यातला शेवटचा न म्हणजे आम्ही. दिल्ली, मुंबई, कोलकाता, चेन्नई अशी चार फ्लाइट इन्फर्मेशन रीजन, म्हणजे आभाळाचे मोठे विभाग, आणि गुवाहाटीची पोट-रीजन, ते सगळं मिळून एक आभाळ करायचं आणि ते नागपुरातून चालवायचं, 28 लाख चौरस नॉटिकल मैलांचं. 2024 मधे त्याचा तपशीलवार अहवाल करायला तुम्ही सल्लागार बोलावले. आम्ही नागपूरकर मिहानच्या, विमानतळाजवळच्या त्या मोठ्या प्रकल्पाच्या, काळापासून "नागपूरला मोठं काहीतरी येऊन राहिलं" हे ऐकत ऐकत म्हातारे झालो, त्यामुळे मी लगेच वर तिसरा मजला चढवायला घेतलेला नाही, पण आलंच तर?

आलं तर काय होईल ते मी वहीत मांडून पाहिलं. दिल्लीत बसून वरच्या थराचा सेक्टर चालवणारा एखादा मॅनेजर धरा, मूळ पगार 90,000. भत्ता 30 टक्क्यांनी 27,000. तो नागपूरला आला, काम तेच, उलट शेजारचा सेक्टर आता परक्या केंद्राचा नाही तर बाजूच्या खुर्चीवरचा, आणि भत्ता 20 टक्क्यांनी 18,000. महिन्याला 9,000 गेले, वर्षाचे 1,08,000. बायकोची नोकरी तिकडे सुटली ते वेगळं, पोरांच्या शाळेचं डोनेशन वेगळं. तुम्ही म्हणाल नागपुरात घर स्वस्त आहे. हो आहे, पण देशातल्या अनुभवी कंट्रोलरची एवढी मोठी फौज एका गावात उतरवलीत तर मनीष नगर, सोमलवाडा, खामला इथले घरमालक काय झोपलेले आहेत का? मी ओळखते न त्यांना.

माणसं हलवणं किती अवघड असतं ते अमेरिकेनं नुकतंच पाहिलं. न्यूयॉर्कजवळच्या नेवार्क विमानतळाचं अप्रोचचं, म्हणजे उतरायला येणारी विमानं सांभाळायचं, काम जुलै 2024 मधे लाँग आयलंडहून उचलून फिलाडेल्फियाला नेलं, कारण न्यूयॉर्कच्या त्या केंद्रात माणसंच टिकत नव्हती. मग 28 एप्रिल 2025 ला तिथं रडार अन रेडिओ दोन्ही सुमारे 90 सेकंद गेले, पडदा काळा, आवाज बंद, आणि विमानं वर. त्यानंतर काही कंट्रोलर मानसिक आघाताच्या रजेवर गेले. म्हणजे जागा, तारा, माणसं आणि पैसा हे सगळं एकत्र बसवावं लागतं, नुसती बदलीची ऑर्डर काढून भागत नाही.

त्याच अमेरिकेची पगाराची पद्धत मात्र मला आवडली, माझ्या एका जुन्या भाडेकरूनं समजावून सांगितली होती गच्चीवर पापड वाळत घालताना. तिथं केंद्रांना पातळ्या दिल्या आहेत, 4 पासून 12 पर्यंत, नुसती विमानं मोजून नाही तर गुंतागुंत धरून. शिकागोचं ओहेअर, अटलांटा असे मोठे विमानतळ 12 वर, शांत गावातला टॉवर 4 वर, पगाराची पट्टी पातळीप्रमाणे. आणि शहराच्या महागाईचा वाटा त्याच्यावर, वेगळा. दोन गोष्टींसाठी दोन खाती, साहेब! एका खात्यातून दुसऱ्याचा खर्च टाकायचा नाही हे आम्हाला पहिल्या वर्षी शिकवलं होतं. अर्थात तिथंही सगळं गोड नाही, न्यूयॉर्कला वरची पातळी देऊनही माणसं येईनात, आणि खालच्या पातळीवरचा प्रत्येकजण वर जायला रांगेत, त्यामुळे खालची केंद्रं ओस पडायची भीती. हे आपल्याकडेही होईल, म्हणून लगेच आंधळेपणानं उचलू नका.

युरोपात मास्ट्रिख्ट म्हणून एक गाव आहे नेदरलँडच्या टोकाला, आमच्या चंद्रपूरपेक्षाही लहान. तिथलं केंद्र 1972 पासून चालू आहे, अन आज तिथून बेल्जियम, नेदरलँड, लक्झेंबर्ग अन वायव्य जर्मनीचं 24,500 फुटांवरचं आभाळ सांभाळतात. तुमच्या एक्स-वाय-झेडमधे ते गाव झेडमधे गेलं असतं. तिथं कोणी गावची डोकी मोजून कंट्रोलरचा दर ठरवत नाही.

आता गोंदियाचं बोलते, नाहीतर वाटेल काकू फक्त नागपूरची वकिली करून राहिल्या. बिरसीचा विमानतळ. प्रवासी विमानं मोजली तर हाताच्या बोटांवर, गाव झेड वर्गात. पण तिथं फ्लाइंग स्कूल आहे, शिकाऊ पोरं दिवसभर उडतात, धावपट्टीला चाकं टेकवतात की परत वर, परत गोल फिरून खाली. एकाच गोलात चार-पाच विमानं आणि त्यातल्या एखाद्यात पहिल्यांदाच एकटा बसलेला एकोणीस वर्षांचा मुलगा, ज्याला घाबरून रेडिओवर काय बोलायचं तेच सुचत नाही. गोंदियालाच तुमची ट्रेनिंग संस्थाही आहे, माझे दोन भाडेकरू तिथूनच शिकून आलेले, त्यांना विचारा. प्रवासी मोजले तर बिरसी जवळपास शून्य, लोकसंख्या मोजली तर सगळ्यात खालचा वर्ग, नुसती उड्डाणं मोजली तर एकदम मोठा आकडा पण छोट्या विमानांचा. म्हणून म्हणते, एकच आकडा घेऊन बसू नका. उड्डाणं, वरून जाणारी, शिकाऊ, लष्करी आणि नागरी एकत्र आहेत का (सोनेगावला हवाई दलही आहे, विसरू नका), ढगांचे महिने किती, रात्र किती, वळवून आलेली किती, आणि एका वॉचला बाजूला दुसरा माणूस आहे की एकटाच. हे सगळं तुमच्याकडे नोंदलेलं असतं. रडारला दिसतं ते पे-बिलात दिसत नाही एवढंच.

मग मागणी काय काकूंची? प्रत्येक स्टेशनला, आणि मोठ्या स्टेशनात प्रत्येक युनिटला, कामाच्या भाराची पातळी द्या अन त्या पातळीचा वेगळा भत्ता ठेवा. घरभाडं घरभाड्याच्या जागी राहू द्या, एक्स-वाय-झेड सगळ्या केंद्र सरकारचं आहे, ते एकट्या तुमच्यानं हलणार नाही हे मला कळतं. पण भाराची पातळी तुमच्या हातात आहे. ती दर दोन-तीन वर्षांनी परत तपासा, कारण 25 डिसेंबर 2025 ला नवी मुंबईचं विमानतळ सुरू झालं अन एका दिवसात मुंबईच्या आभाळाचं गणित बदललं, 2017 मधे पातळी ठरवली असती तर ती तिथं 2027 पर्यंत कशी चालली असती. तपासताना त्या खुर्चीवर बसणाऱ्यांना समितीत घ्या, निदान तीन वेगवेगळ्या आकाराच्या स्टेशनांवरचे. आणि सेक्टर एका गावातून दुसऱ्या गावात गेला तर त्याची पातळी त्याच्याबरोबरच जावी, हे एक वाक्य तरी नियमात घाला, इशान येण्याच्या आधी घाला. नंतर घालायला गेलात तर कोर्टात बसाल, नागपूरला हायकोर्टाचं खंडपीठ आहे, वकीलही भरपूर आहेत.

खालच्या पातळीवाल्यांसाठी पण काहीतरी हवं. लहान स्टेशनवरून मोठ्यावर गेलेल्या माणसाचं जुनं रेटिंग, म्हणजे त्या जागी काम करायची परवानगी, तिथं चालत नाही, परत ट्रेनिंग, परत परीक्षा, परत कोणीतरी मागे उभं राहून हेडफोन लावून ऐकणार. वीस वर्षांचा अनुभव असला तरी नवीन आभाळ नवीनच. त्या महिन्यांत त्याच्या हातात जुन्यापेक्षा कमी पडायला नको, नाहीतर हुशार माणूस म्हणेल मला नको तुमची वरची पातळी, मी इथंच बरा. आणि जो शिकवतो, आपलं डोकं दोन डोक्यांसारखं चालवतो, त्यालाही वेगळं द्या. माझ्या ऑफिसात ज्युनिअरला शिकवणाऱ्याला चहासुद्धा कोणी पाजत नव्हतं, म्हणून ज्युनिअर तसेच राहायचे.

पैसा कुठून येणार हा प्रश्न मीही विचारला असता, सवय आहे. वरून जाणाऱ्या विमानांकडून जे घेता त्यातूनच. ज्या आभाळानं कमावलं त्यातला थोडा त्या आभाळाखाली जागणाऱ्याला. 2025 मधे संसदेच्या स्थायी समितीनंही कंट्रोलर कमी पडतात अन थकतात हे लिहून ठेवलंय, तेव्हा हे माझ्या एकटीच्या डोक्यातलं नाही.

एक शेवटचं. मी या प्रकरणात हितसंबंध असलेली बाई आहे हे उघड सांगते, भत्ता वाढला तर फायदा घरमालकांचाच होतो हे तुम्ही मनात म्हणून राहिले असाल. म्हणून लिहून देते की तुम्ही नागपूरच्या पोरांना भाराचा भत्ता दिला तरी माझ्या वरच्या दोन ब्लॉकचं भाडं मी एक रुपयानं वाढवणार नाही.

निदान चालू अकरा महिन्यांचा करार संपेपर्यंत.

आपली,
सोनेगावची एक घरमालकीण, नागपूर